दुहेरी कापडाचे मामा

परवा माझ्या एका व्हिडिओखाली उदगीरच्या एका बाईंनी विचारलं, "ताई, हे दुहेरी कापड पडद्याला घेऊ का जॅकेटला?" मी मोठ्या शहाणपणानं उत्तर लिहिलं, "आधी धुऊन बघा, मग उन्हात नेऊन बघा, मग चार दिवस त्याच्यासोबत राहून बघा, आणि मग कात्री लावा." त्यावर लोकांनी वा ताई, काय ताई असं लिहिलं. मी मोबाइल पालथा ठेवून दिला. त्या उत्तरातला एक शब्दही माझा नव्हता. सगळे मामांचे होते, आणि मामांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

नांदेडला माझं पडदे, उशा, सोफ्याची कव्हरं असलं शिवून द्यायचं दुकान आहे. दोन्ही बाजूंनी वापरता येतं ते दुहेरी कापड सध्या फार चालतंय. एकीकडं राखाडी, दुसरीकडं निळं. कंटाळा आला की उलटं टाका, घर नवं. नवा ताका आला की मी तो मोबाइलसमोर धरून त्याचं बरंवाईट सांगते. लोकांना वाटतं मला लई कळतं. मला जे कळतं ते लातूरला, गोलाईजवळच्या एका कापड दुकानात, मामांच्या शिव्या खाऊन कळलं. मी तिथं मागच्या खोलीत शिवायला होते आणि मामा, म्हणजे सगळ्या दुकानाचेच मामा, पुढं गल्ल्याशेजारी कापड दाखवायला होते.

दाखवायला म्हणजे काय, बघायला! गिऱ्हाइकापेक्षा जास्त वेळ मामाच बघायचे. माणूस काटकुळा, मान जराशी पुढं काढलेली, आणि डाव्या अंगठ्याचं नख असं वाढवलेलं की नवीन माणसाला भीतीच वाटावी. ते नख कापडाच्या कडेला घालून एक धागा अलगद बाहेर ओढायचे, दातात धरायचे, आणि मग बोलायचे. तरुणपणी मामा नांदेडच्या एका गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून कापड सरकत जाणार, आणि तुटका धागा, डाग, गाठ दिसली की यांनी खूण करायची. पुढं गिरणी बंद पडली. कुणी हळहळलं की मामा म्हणायचे, "गिरणी बंद झाली ना? माझे डोळे थोडीच बंद झाले!"

मूळचे ते धर्माबादचे, त्यामुळं बोलण्यात मधूनच तेलुगू यायचं. कापड पसरलं की पहिला शब्द "चूडु!" म्हणजे बघ. गिऱ्हाइकाला त्यांनी कापडाची पुढची बाजू आधी दाखवली असं मी कधी पाहिलंच नाही. "पाठ बघा ओ आधी. तोंड तर सगळेच धुऊन येतात." एकदा एका नवरदेवाच्या मावशीला ते असं म्हणाले आणि त्या बाईंनी तोंडावरून पदर फिरवला. शेठनं मामांना आत बोलावून झापलं. मामांना त्यात काय चुकलं तेच समजेना.

दुहेरी कापड दुकानात यायला लागलं तेव्हा मामा नुसते येडे झाले. ज्या कापडाला पाठच नाही ते बघायचं कसं! मग त्यांनी नवीन पद्धत काढली. प्रत्येक नव्या ताक्याचा दोन मीटर तुकडा ते आपल्या खोलीवर न्यायचे. चार दिवस खिडकीला एका बाजूनं टांगायचे, चार दिवस दुसऱ्या. त्यावर बसायचे, त्यावर चहा सांडायचे, मुद्दाम सांडायचे, धुवायचे, वाळवायचे. "कापड भाड्याच्या खोलीवाणी असतंय पोरी. राहिल्याबिगर कुठं गळतंय ते कळत न्हाई." नवव्या दिवशी तुकडा परत यायचा आणि त्या ताक्याला टाचणीनं एक चिठ्ठी लागायची. मला अजून कितीतरी पाठ आहेत. "दोन्ही बाजू देखण्या. धुतल्यावर आखडतं. आधी भिजवा, मग शिवा." "पडद्याला झकास. उशीला नको, घासून गोळे येतात." "पोरींच्या कोटाला चांगलं, पण पावसात वास मारतं." आणि एका फार भारी ताक्यावर, "शालूवाणी दिसतं, गोणपाटावाणी वागतं."

ही शेवटची चिठ्ठी शेठनं फाडली. "मामा, मला हे विकायचंय का परत पाठवायचंय?" मामा शांतपणे म्हणाले, "इका की. गोणपाट लई दिवस टिकतंय." आणि गंमत सांगते, तो ताका महिन्याभरात संपला. बायका दुकानात शिरल्या की आधी विचारायच्या, "मामाची चिठ्ठी काय म्हणती?"

मामांच्या अंगातली बंडीसुद्धा दुहेरी कापडाचीच होती, मीच शिवलेली. एक बाजू विटकरी, एक निळी. जेवणाआधी विटकरी, जेवणानंतर निळी. शेजारच्या भांड्याच्या दुकानदाराला कित्येक महिने वाटायचं, मामा दुपारी घरी जाऊन कपडे बदलून येतात. शेठचे सासरे वारले तेव्हा मामा सकाळीच भेटायला गेले आणि दारात पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, अंगावर विटकरी भडक रंग आहे. तिथंच, सगळ्यांसमोर, बंडी काढली, उलटी केली, निळी बाजू घालून आत जाऊन मान खाली घालून बसले. शेठाणीबाईंना त्या तशा दुःखात हसू फुटलं. नंतर त्या म्हणायच्या, आमच्या बाबांच्या वेळचं दुसरं काही आठवत नाही, मामाची बंडी तेवढी आठवते.

एकदा एका एजंटानं दुहेरी म्हणून कापड आणलं. बघायला इतकं सुरेख की शेठनं ताके उतरवायला सुरुवातही केली. मामांनी दोन्ही बाजू चिमटीत धरून एकमेकींवर घासल्या आणि मला हाक मारली, "पोरी, इस्त्री तापव." गरम इस्त्री दाबून ठेवली तर कापड पुरीसारखं टम्म फुगलं. "हे इणलेलं न्हाई, चिकटवलेलं हाय. दोन कापडं एकमेकांला डिंकानं लावलीत. लातूरचा उन्हाळा काय असतोय तुमाला ठावं न्हाई साहेब. मे महिन्यात ह्याचे दोन पडदे होतील." एजंटाचं तोंड बघण्यासारखं झालं. मामा मात्र त्याच्याशी गोडच बोलले, चहाही पाजला. फसवणाऱ्यावर त्यांचा राग नसायचा. न बघता घेणाऱ्यावर असायचा.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

दुहेरी कापड शिवताना एक मोठी पंचाईत असते. दोन्ही बाजू चांगल्या, त्यामुळं कापून ठेवलेले तुकडे एकदा इकडचे तिकडं झाले की कोणती बाजू बाहेर घ्यायची होती ते ओळखू येत नाही. रंग वेगळे असले तर ठीक. पण दोन्हीकडं एकच रंग, एक बाजू मंद आणि एक किंचित झळकणारी, असलं कापड म्हणजे बेजारी. ट्यूबलाइटच्या उजेडात दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. ऊन पडलं की फरक उघडा पडतो. म्हणून मामांचा कायदा होता. कापण्याआधी ते स्वतः उन्हात नेऊन बाजू ठरवायचे आणि कापल्यावर प्रत्येक तुकड्याच्या बाहेर घ्यायच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालायचे. तो टाका शिवून झाल्यावर, मामांनी पुन्हा बघितल्यावरच काढायचा. आधी हात लावायचा नाही. "टाका म्हंजे कापडाचं कुंकू हाय असं समज," ते म्हणायचे.

अहमदपूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या नव्या घराचे पडदे आले. बदामी रंग, चौदा पडदे, मंद बाजू खोलीकडं. वास्तुशांतीची तारीख जवळ. मी इस्त्री करत होते आणि प्रत्येक टाक्याखाली कापडावर बारीक वळ उठत होता. मला वाटलं, काय हे येड्यासारखं, मला दिसत नाही का कोणती बाजू कोणती? चार वर्षं मामांच्या हाताखाली काढली होती. माझीही नजर तयार झालीय असा मला गर्व आला होता, खरं ते खरं. मी चौदाही टाके काढून टाकले, तुकडे नीट रचले, आणि जेवायला गेले. परत आले तर पंख्याच्या वाऱ्यानं अर्धा ढीग खाली आला होता. मी उचलला, ट्यूबलाइटखाली बघून बघून लावला, आणि शिवला. काठ दुमडले, रिंगा ठोकल्या.

संध्याकाळी मामा बघायला आले. त्यांनी पहिलंच विचारलं, "टाके कुठं गेले?"

"तुम्हीच मघाशी बघून गेलात की मामा. त्यानंतर काढले."

मी हे असं बोलले. तोंडातून कसं निघालं मला अजून कळत नाही. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती, घर माझ्या कामावर चालायचं, कारणं पुष्कळ सांगता येतील. खरं कारण भीती. मामांनी वरचा पडदा उचलला. "मी बघितले?" म्हणाले. मग पडदे चाळले, दिव्याखाली सगळे सारखेच दिसले, आणि "असंल" म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा पडदे लावायला अहमदपूरला गेलो. सकाळची वेळ, दिवाणखान्यात पाहुणे बसलेले. शेठही आले होते. पडदे लागले, आणि पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन आत आलं. चौदातले चार पडदे तकतक चमकायला लागले, बाकीचे मंद. एखाद्यानं धोतरावर रेशमी उपरणं घ्यावं तसं दिसत होतं. उसवून सुधारायचं म्हटलं तर रिंगांची भोकं पडलेली. बाई रागानं म्हणाल्या, "मामा, तुमच्या नजरेचं एवढं ऐकून होते मी. तुम्हाला दिसलं नाही हे?"

मामा माझ्याकडं वळले. रागानं नाही. घाबरलेले होते ते, मामांना घाबरलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "पोरी, टाके मी बघितल्यावर काढले ना?"

शेठ बघत होते. पाहुणे बघत होते. मी म्हणाले, "हाव."

"मग माझीच नजर गेली," मामा म्हणाले. बाईंपुढं हात जोडले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत. खोली सोडून धर्माबादला बहिणीकडं गेले असं नंतर कळलं.

मला रोज वाटायचं, आज जाऊन सांगावं. उद्या सांगावं. या उद्याची तीन वर्षं झाली. मी नांदेडला आले, स्वतःचं दुकान टाकलं, व्हिडिओ करायला लागले. एक दिवस कुणीतरी विचारलं, "ताई, हे तुम्ही कुणाजवळ शिकलात?" नाव घ्यायचं कोणत्या तोंडानं? दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी धर्माबादला गेले.

मामा बहिणीच्या अंगणात मिरच्यांचे देठ मोडत बसले होते. तिकडं मिरची फार, गल्लीत शिरल्यापासूनच मला ठसका लागला होता. मला बघून त्यांना किती आनंद झाला ते विचारूच नका. "अक्का, चहा टाक! आमच्या दुकानची पोरगी आली!" मी म्हणाले, "मामा, कापड सोडून हे काय?" तर हसून म्हणाले, "मिरची बरी. हिला मागची-पुढची बाजू न्हाई. आंधळ्याला जमतंय."

"तुम्ही कुठं आंधळे?"

अक्का चहा घेऊन आल्या होत्या. त्यांचीच तक्रार सुरू झाली. "आगं, दोन डॉक्टरला दाखवलं. दोघं म्हनले डोळे ठणठणीत हायत. ह्यो म्हनतो, डॉक्टरला कापडातलं काय कळतंय! तीन वर्षं झाली, सुई माझ्याकडून ववून घेतो. रस्ता वलांडायचा तर माझा हात धरतो. एवढा माणूस, ल्हान लेकरावाणी करून राहिला."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी सांगून टाकलं. इस्त्री, टाके, पंखा, माझं खोटं बोलणं, आणि ते "हाव". सांगताना रडले नाही, रडायचा मला हक्क नव्हता. मामा ऐकत होते आणि देठ मोडत होते. एक मिरची, दुसरी मिरची. मग थांबले.

"म्हंजे डॉक्टर बरोबर होता," म्हणाले.

अक्कांनी मला शिव्या दिल्या, तेलुगूत आणि मराठीत, दोन्हीकडून. त्या मी खाल्ल्या. मामांनी त्यांना गप्प केलं आणि माझ्याकडं न बघता बोलले, "चार लोकांत हाव म्हणालीस. चार लोकांत जाऊन सांग. शेठला सांग, त्या बाईला सांग. मग मला फोन कर. आता जा, गाडी चुकंल."

मला माफी हवी होती, ती मिळाली नाही. मी लातूरला गेले. दुकानात गिऱ्हाइकं असताना, सगळ्यांसमोर शेठला सांगितलं. शेठ मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाले, "कोणते पडदे? जाऊ द्या ओ, तुम्ही पण काय धरून बसलात. चहा घेणार?" शेजारी उभ्या बाईनं विचारलं, "हा पॉलिएस्टर आहे का?" आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहमदपूरला गेले. मुख्याध्यापिका बाईंनी मला ओळखलंही नाही. मी पडद्यांचं बोलले तर म्हणाल्या, "अगं ते! मी बदललेच नाहीत. नंतर मला तेच आवडायला लागले. चार चमकणारे, बाकी साधे. पाहुण्यांना वाटतं मुद्दाम केलंय." मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी मामांना बोलला होतात तुम्ही. त्यांची चूक नव्हती, माझी होती." बाईंनी कपाळाला आठी घालून खूप आठवायचा प्रयत्न केला. "कोण गं मामा?"

मी त्यांच्याच दिवाणखान्यातून फोन लावला. अक्कांनी उचलला, माझा आवाज ऐकताच मामांकडं दिला.

"सांगितलं?"

"सांगितलं मामा. दोघांनाही."

"काय म्हनले?"

खरं सांगते, पुन्हा एकदा खोटं तोंडावर आलं होतं. त्यांना वाईट वाटलं मामा, त्यांनी तुमची चौकशी केली मामा. मी ते गिळलं. "शेठला आठवत नाही. बाईंना चार पडदे आठवतात, तुम्ही आठवत नाही. चार चमकणारे त्यांना आवडतात म्हणे."

पलीकडं कुणाच्या तरी कोंबड्यांचा आवाज येत होता.

"चार?" मामा म्हणाले.

"हो, चारच."

"पोरी, त्या दिवशी सगळे चार म्हणत होते. मला पाच दिसले. मी पुन्यांदा मोजले, पुन्यांदा पाच. तव्हाच मला खात्री झाली की नजर गेली. लोकाला चार दिसतात अन् मला पाच." मग हळू आवाजात, "पूर्वेच्या खिडक्या सोड. देवघराच्या दाराला एक हाय. त्याच्यावर ऊन तिरपं पडतंय. तू तिथं हायस ना? बघ जरा. चूडु."

मी उठले. देवघराच्या दाराला पडदा होता, अर्धा सरकवलेला, त्यामुळं घड्या पडलेल्या. समोरून बघितलं तर बाकीच्यांसारखाच मंद. मी तो पूर्ण ओढला, बाजूला सरकले, आणि भिंतीला गाल लावून तिरपं बघितलं. खालपासून वरपर्यंत झळाळला. बाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अगं बाई!" म्हणाल्या, "तीन वर्षं मी इथं रोज हात जोडते!"

"मामा," मी म्हणाले, "पाच आहेत."

"नीट बघ."

"नीट बघितलं मामा. पाचच आहेत. तुम्हाला बरोबर दिसलं होतं. आम्हालाच कुणाला दिसलं नव्हतं."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, पण बंद करायचं त्यांना सुचलं नसावं. मी पडदा हातात धरून तशीच उभी राहिले, आणि पलीकडं धर्माबादच्या त्या अंगणात मामा फुटलेल्या आवाजात बहिणीला ओरडून सांगत होते, "अक्का! ए अक्का! पाच हायत म्हणं! पाच!"